पाण्यानं आखलेली वाट

नकाशा पसरला की बोट आधी शिखरांकडे जातं. रतनगड, त्याच्या शेजारचा खुटा सुळका, पलीकडे कात्राबाईचा डोंगर, कुमशेतचा कोंबडा आणि दक्षिणेला हरिश्चंद्रगडाचा अवाढव्य पसारा. घाटमाथ्याच्या कडेकडेनं बोट सरकत जातं आणि चार दिवसांची, तीन मुक्कामांची चाल मनात उभी राहते: रतनवाडीतून चढायचं, खिरेश्वरला उतरायचं. सह्याद्रीतल्या लांब पल्ल्याच्या वाटांमध्ये ही मला सगळ्यात भरलेली वाटते. गच्च रान, शिड्या, खिंड, नदी, गावं, लेणी, कडा, सगळं तिच्यात आहे. पण ती आखताना बोट शिखरांवर ठेवून भागत नाही, निळ्या रेघांवर ठेवावं लागतं. मुक्काम कुठे, निघायचं किती वाजता, पाठीवर किती किलो, महिना कुठला, या डोंगरात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शेवटी पाण्यापाशी येऊन थांबतं.

ज्या पट्ट्यात पावसाळ्यात ढग महिना महिना हलत नाहीत, तिथे पाण्याची काळजी कसली, असं नवख्याला वाटतं. घाटघर-रतनवाडीचा हा भाग अहिल्यानगर जिल्ह्यातला सगळ्यात पावसाळी. तरीही मार्च उजाडला की याच वाड्यांमधल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन लांबच्या विहिरीकडे निघतात. कारण डोंगराच्या घडणीत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा कातळ झाला. अखंड बेसाल्ट पाणी धरून ठेवत नाही, वरून ते वाहून जातं. जे मुरतं ते भेगांतून खाली उतरतं आणि दोन थरांच्या मधल्या तांबड्या, मातकट पट्ट्यावर अडून आडवं पाझरू लागतं. असा पट्टा कड्याच्या अंगाला उघडा पडला की तिथे झरा दिसतो. त्या थराच्या वर पाणी नसतं आणि खाली बऱ्याचदा दाट रान असतं. कड्याच्या पोटातली ही हिरवी पट्टी म्हणजे आपण ज्याला डोंगराचा पदर म्हणतो तो. किल्ले बांधणाऱ्यांनी हे ओळखून टाकी खोदली. म्हणून गडावर पाणी असतं आणि त्याच उंचीवरच्या मोकळ्या खिंडीत थेंब नसतो.

या चालीचं मर्म एका खिंडीत आहे. रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते. कात्राबाईची खिंड ओलांडली की आपण मुळेच्या खोऱ्यात उतरतो. पुढे मुळा प्रवरेला मिळते आणि प्रवरा गोदावरीला, पण इथे या दोघींच्या मधे एक उंच धार आहे आणि ती पायानं पार करायची आहे. पाणलोटाची धार ही व्याख्येनंच कोरडी जागा. एका नदीचं पाणी मागे सोडल्यापासून दुसऱ्या नदीचं पाणी लागेपर्यंतचे चार-पाच तास हा या चार दिवसांचा सगळ्यात नाजूक तुकडा आहे, आणि बाकीचं नियोजन त्याच्याभोवती बसवायचं आहे.

आधी महिना. जून ते सप्टेंबर ही पूर्ण चाल करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रवरेचा ओढा रतनगडाच्या वाटेवर दोन-तीनदा ओलांडावा लागतो, कुमशेत-पाचनईच्या मधे मुळा आडवी येते, आणि घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस तासाभरात ओढ्यात उतरतो. गुडघाभर वाहतं पाणी सॅकसकट माणसाला पाडतं. ऑक्टोबरात पाणी भरपूर असतं, पण गवत छाती-डोक्याइतकं वाढलेलं, वाट त्याच्या पोटात गडप, आणि वर ऑक्टोबरचं ऊन. शिवाय कुसळं. ती विणलेल्या मोज्यांतून आत घुसतात आणि दोन तासांत पायाची चाळण करतात. गुळगुळीत कापडाची पँट आणि नडगीवर गेटर, म्हणजे बुटावरून बांधायचं कापडी आवरण, हाच इलाज. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचे दोन महिने खरे. ओढ्यांना अजून धार असते, गवत झोपलेलं असतं, वाट मळायला लागलेली असते. फेब्रुवारीत ओढे डबक्यांवर येतात आणि भिस्त टाक्यांवर राहते. मार्चनंतर वणवे आणि मोहोळं या दोन गोष्टींनी ही चाल बंदच समजावी. मे महिन्याच्या शेवटी भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांनी झाडं लगडतात, ते बघायला जरूर जावं, पण गावात राहून.

डिसेंबर निवडला की दिवस लहान येतो, हे विसरून चालत नाही. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, सहाला मावळतो. अकरा तासांचा उजेड, त्यातही दाट रानात पाऊण तास आधीच अंधारतं. म्हणून मी हिशेब असा धरतो: सात ते साडेचार. साडेचारला पाठीवरचं ओझं खाली आलेलंच हवं, कारण तंबू, पाणी आणि स्वयंपाक ही तिन्ही कामं उजेडात दीड तासाची आणि विजेरीत तीन तासांची.

वेगाचा हिशेबही इथला वेगळा. पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास, हा गिर्यारोहणातला जुना आडाखा थंड देशातल्या मोकळ्या डोंगरासाठी ठीक. बारा किलो घेऊन सह्याद्रीच्या रानात तासाला दोन-अडीच किलोमीटर, आणि चढ तासाला ३०० मीटर. उतार वेळ वाचवेल अशी आशा धरू नये. घसाऱ्याच्या, पाचोळ्यानं झाकलेल्या उताराला चढाइतकाच वेळ लागतो आणि गुडघे जास्त खर्च होतात.

नकाशाबद्दल एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. सर्वेक्षण खात्याच्या पन्नास हजारी (१:५०,०००) नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या दर २० मीटरला एक असतात. म्हणजे पंधरा मीटरचा सरळसोट कातळटप्पा दोन रेषांच्या मधे बिनबोभाट लपू शकतो. कागदावर डोंगराची जी सोंड सोपी दिसते ती प्रत्यक्षात दोराशिवाय उतरता येत नाही, असं होतं ते यामुळे. मोबाइलमध्ये उतरवून घेतलेल्या दुसऱ्याच्या ट्रॅकवरही, म्हणजे त्याच्या चालीच्या नोंदलेल्या रेघेवरही, डोळे झाकून चालू नये. त्यात त्याच्या चुकाही रेघ बनून बसलेल्या असतात. दाट रानात आणि कड्याच्या पायथ्याला जीपीएसचा ठिपका वीस-तीस मीटर इकडेतिकडे पळतो, आणि तेवढ्या अंतरात वाट आणि घळ यांची अदलाबदल होते. ट्रॅकचा उपयोग चुकलो आहोत एवढं कळण्यापुरता. बरोबर वाट कुठली, ते जमीन सांगते.

जमीन कशी सांगते? रतनगड ते कात्राबाई या रानात ढोरवाटांचं जाळं आहे. ढोरवाट रुंद आणि मळलेली असते, पण तिच्यावर फांद्या छातीच्या उंचीला आडव्या येतात, कारण गुराला त्यांची अडचण नसते. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंत कोयत्याचे घाव दिसतात, पायाखालचे दगड गुळगुळीत झालेले असतात आणि ती विनाकारण ओढ्यात उतरत नाही. लाकूडफाट्याची वाट सुरुवातीला अगदी खरी वाटते आणि रानाच्या मध्यावर एका तोडलेल्या खोडापाशी संपते. दहा मिनिटं यातली एकही खूण दिसली नाही तर तिथेच थांबावं आणि शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे यावं. पुढे जाऊन वाट सापडेल या आशेवर लोक घळीत उतरतात. खाली घळीला धबधब्याचा कोरडा कडा असतो आणि वर चढून यायला अंगात बळ उरलेलं नसतं. या डोंगरातल्या बहुतेक चुकामुकींची गोष्ट हीच आहे.

त्यासाठी सरळ रतनवाडीतून वाटाड्या घ्यावा, निदान खिंडीपर्यंत. इथले महादेव कोळी आणि ठाकर समाजातले लोक या रानात हिरडा गोळा करत, गुरं राखत वाढलेले असतात. निघायच्या आधी फोनवर ठरवावं, पैसे आधी बोलून घ्यावेत आणि त्यांच्या परतीच्या दिवसाचाही मोबदला द्यावा. 'मामा, यंदा खिंडीखालच्या ओढ्याला पाणी कधीपर्यंत राहील?' हा प्रश्न दोन आठवडे आधी विचारला तर त्याच्या उत्तराएवढी अचूक माहिती कुठल्याही नकाशात मिळणार नाही. त्याच फोनवर कुमशेतच्या जेवणाचंही सांगून ठेवावं. सांगितल्याशिवाय आठ माणसं संध्याकाळी दारात उभी राहिली तर घरातल्या मावशी भाकरी थापतीलच, पण ते पीठ त्यांच्या घरच्या दोन दिवसांचं असेल.

हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ साली घोषित झालेलं हे रान ३६० चौरस किलोमीटरहून थोडं मोठं आहे. तंबू कुठे चालतो, कुठे नाही, गडावर रात्री राहता येतं का, याचे नियम बदलत असतात. निघण्याआधी वनखात्याकडे विचारून परवानगी घ्यावी आणि मुक्काम त्यानुसारच ठरवावेत. नाहीच मिळाली तर गावातल्या अंगणात तंबू लावावा. चालीचं काही बिघडत नाही, तिसरा दिवस तेवढा बदलतो. त्याविषयी पुढे.

आता पाण्याचं गणित. चालताना दर माणशी दिवसाला चार लिटर, मुक्कामावर स्वयंपाक-चहा-भांडी धरून आणखी दोन. आठ जणांच्या गटाला दिवसाला ४८ लिटर. त्यापेक्षा मोठा गट या वाटेवर नेऊ नये, टाकी आणि अंगणं दोन्ही अपुरी पडतात. पाठीवर एका वेळी तीन लिटर, आणि खिंडीच्या दिवशी साडेतीन-चार. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे बाकीचं ओझं पाण्याला जागा करून द्यायला हवं. रिकाम्या सॅकपासून मोजायला लागावं: सॅक दीड किलो, झोळी, म्हणजे स्लीपिंग बॅग, सव्वा किलो, मॅट अर्धा, दोघांच्या अडीच किलोच्या तंबूतला आपला वाटा सव्वा, गरम कपडे आणि एक कोरडा जोड दीड, शिधा दोन, भांडी-शेगडी-औषधांतला वाटा एक. नऊ किलो झाले. त्यावर तीन लिटर पाणी, बारा. यापुढे चढणारा प्रत्येक किलो शिड्यांवर जाणवतो. ज्याचं वजन ५५ किलो आहे त्यानं अकराच्या वर जाऊ नये. जड वस्तू पाठीला लागून, खांद्याच्या फऱ्याच्या उंचीला. तळाला झोळी. तंबूच्या काठ्या सॅकच्या बाहेर आडव्या बांधू नयेत, शिडीवर त्या कातळाला अडकतात आणि तोल मागे जातो.

हे ओझं पेलतं का, ते महिनाभर आधी बारी गावाच्या वाटेनं कळसूबाईला जाऊन पाहावं. १६४६ मीटरचं शिखर, शिड्यांसकट. बारा किलो घेऊन साडेतीन तासांत वर पोचून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या धरल्या नाहीत, तर ही चाल झेपेल.

पहिला दिवस रतनवाडीचा. रात्रभर प्रवास करून सकाळी कसारा किंवा इगतपुरीला उतरायचं, घोटी-शेंडीवरून भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालत नऊपर्यंत गावात. अमृतेश्वराचं देऊळ आणि त्याची पुष्करणी घाईत पाहण्यासारखी नाहीत, पण अर्ध्या तासाच्या वर थांबू नये. रात्रीची झोप झालेली नसते, हे या दिवसाचं खरं संकट. चढ साधारण साडेपाचशे मीटरचा, ओझ्यासह साडेतीन-चार तासांचा. ओढा ओलांडत रानातून वाट चढते. मधे एक फाटा फुटतो: एक वाट रतनगडावर, दुसरी कात्राबाईकडे. हा फाटा नीट पाहून ठेवावा, दुसऱ्या दिवशी सकाळी इथेच परत यायचं आहे. वरच्या शिड्यांवर एका वेळी एकच माणूस. खालच्यानं शिडीच्या थेट खाली उभं राहू नये, वरच्याच्या बुटातला खडा सुटला तरी डोकं फुटतं.

गणेश दरवाजा ओलांडल्यावर गुहा लागते. वर टाकी पुष्कळ, पण पिण्याजोगी मोजकीच. ज्या टाक्यावर हिरवं शेवाळ पसरलंय आणि पाण्याला वास आहे ते सोडावं. पाणी शेंदायला सहा मिलिमीटरची दहा मीटर दोरी आणि कडीचा डबा. टाक्यात पाय घालायचा नाही, काठावर साबण नाही, भांडी टाक्यापासून साठ पावलं लांब. आठ जणांच्या रात्रीच्या आणि सकाळच्या स्वयंपाकाला १६ लिटर, दुसऱ्या दिवशीच्या बाटल्यांना २४, म्हणजे ४० लिटर शेंदायचं, चौपदरी सुती कापडातून गाळायचं आणि मग क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास ठेवायचं. गढुळात गोळी टाकली तर क्लोरीनचा जोर गाळावरच खर्च होतो, म्हणून गाळणं आधी. हे सगळं काम संध्याकाळचं. सकाळी करायला घेतलं तर निघायला नऊ वाजतात आणि त्या दोन तासांची भरपाई पुढे उन्हात, खिंडीच्या चढावर होते. नेढ्यापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकापर्यंत, जायचं तर पाणी भरून झाल्यावर. तिथे वारा इतका असतो की टोपी हातात धरावी.

दुसऱ्या दिवशी सातला शिड्या उतरायच्या. लोखंड दवानं ओलं असतं, हातमोजे काढून उतरावं. फाट्यापर्यंत खाली, तिथल्या ओढ्यावर प्रत्येकानं पोटभर पिऊन बाटल्या काठोकाठ भरायच्या. यानंतर कुमशेतच्या बाजूला उतरेपर्यंत पाण्याचा भरवसा नाही. खिंडीचा चढ रानातून जातो. वरच्या टप्प्यात कारवीची झुडपं दाट लागतात. कारवीला धरून चढताना मुळापाशी धरावं आणि हिरवी आहे ना ते बघावं. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून झाली की वाळते. फुलोऱ्यानंतरच्या वर्षी अख्खा उतार उभ्या वाळक्या काठ्यांचा असतो, हाताला आधार दिसतो आणि वजन टाकलं की मोडतो. अशा वर्षी या चढाला अर्धा तास जास्त धरावा.

खिंडीतून हरिश्चंद्रगडाचा पसारा पहिल्यांदा दिसतो. इथे पोचायची वेळ उशिरात उशिरा साडेबारा. एक वाजून गेला आणि गट अजून चढाच्या मध्यावर असेल तर रतनवाडीला परतावं, खाली रस्ता आहे. खिंड ओलांडल्यावर मात्र मागे फिरण्यात अर्थ नाही, कुमशेत जवळ आणि तिथेही गाडीरस्ता आहे. अशी माघारीची जागा आणि घड्याळातली वेळ कागदावर लिहून निघावं. डोंगरात थकलेलं मन 'आता आलंच की' म्हणत राहतं, आणि कागद म्हणत नाही. तोच कागद, प्रत्येक दिवसाच्या पोचायच्या वेळांसकट, घरी एका माणसाकडे ठेवावा. अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, तेही त्यावर असावं. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये हवाच, पण मदतीला येणारे स्वयंसेवक आपापली कामं टाकून, गावातून चढून येतात. त्यांना पोचायला तास लागतात, आणि नेमकी जागा सांगता आली नाही तर रात्र लागते.

खिंडीतून उतार उभा. पाचोळ्याखाली सुटा दगड, वर कोरडं गवत. पावलं आडवी टाकावीत, दोघांत दहा फुटांचं अंतर ठेवावं. दुपारी तीन-साडेतीनला कुमशेत. मुक्काम अंगणात.

तंबूच्या जागेविषयी जरा सविस्तर. कारवी तोडलेल्या जागी जमीन सपाट दिसते, पण तोडलेले बुंधे तिरप्या खिळ्यांसारखे वर आलेले असतात आणि तंबूचा तळ फाडतात. आधी हातानं चाचपावं. ओढ्याच्या पात्रातली मऊ वाळू कितीही बोलावू दे, तिथे झोपू नये. डिसेंबरातही अवकाळी येतो, आणि पाऊस आपल्यावर नव्हे, वरच्या कड्यावर पडतो. झाडाखाली लावताना मान वर करून वाळलेली फांदी शोधावी. कातळावर खुंट्या ठोकल्या जात नाहीत, दोरीचं टोक डोक्याएवढ्या दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा दगड ठेवावा. आणि हिवाळ्यात तंबूची दोन्ही तोंडं थोडी उघडी ठेवावीत, जाळीची चेन मात्र पूर्ण बंद. हवा खेळली नाही तर श्वासाची वाफ आतून थिजते आणि पहाटे झोळी ओली असते. रात्री पारा दहाच्या खाली जातो, ओल्या झोळीत झोप येत नाही. जाळी बंद ठेवायचं कारण मण्यार. ती रात्री हिंडते, उबेला अंथरुणात शिरते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. बूट तंबूच्या आत, सकाळी झटकून घालायचे. फुरसं दगडांत आणि पाचोळ्यात असतं, म्हणून बसताना, दगड उचलताना बघून हात घालावा. दंश झालाच तर कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. अवयव स्थिर करून माणसाला उचलून रस्त्यापर्यंत न्यावं. प्रतिविष कुठल्या सरकारी रुग्णालयात आहे ते निघण्याआधी फोन करून विचारलेलं असावं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. झाडाझुडपांतल्या हिरव्या चापड्यावर ते काम करत नाही, पण म्हणून रुग्णालय टाळायचं नाही.

तरीही या रानात मला सापापेक्षा आग्या मोहोळाची धास्ती जास्त. कड्याच्या पोटाखाली काळसर अर्धगोल लोंबताना दिसले की बोलणं बंद, अत्तर-डिओ लावलेल्यानं मागे राहावं आणि धूर कुठल्याही परिस्थितीत नाही. माश्या उठल्याच तर जागीच हात हलवत राहण्यासारखी घातक गोष्ट नाही. तोंड-मान कापडानं झाकून, जमेल तितक्या वेगानं, पण कड्याची धार कुठे आहे ते बघत दाट झाडीत शिरावं. नांग्या नखानं खरवडून लगेच काढाव्यात. अनेक दंश झालेल्याला बरं वाटत असलं तरी डॉक्टरकडे न्यावं, आणि ज्याला मधमाशीची ॲलर्जी आहे त्यानं डॉक्टरांना विचारून औषध सोबत घेतल्याशिवाय येऊच नये.

अभयारण्यात चूल पेटवायची नाही, त्यामुळे गॅसची शेगडी. २३० ग्रॅमच्या एका डब्यावर पंधराएक लिटर पाणी उकळतं असं म्हणतात. वाऱ्यात आणि थंडीत बारा धरावं. आठ जणांना तीन रात्रींना तीन डबे, वाऱ्याला आडोसा घातला तर. रात्री मुगाची खिचडी, माणशी ८० ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम डाळ. सकाळी पोहे. दुपारी काही शिजवायचं नाही: दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. खिशात चिक्की, खजूर. लिंबू, मीठ, साखर रोज लागते. उन्हानं कुणी गळाठलं तर एक लिटर शुद्ध पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, घोट घोट.

तिसरा दिवस कुमशेतहून पेठेच्या वाडीमार्गे पाचनईला. मुळा ओलांडताना बूट काढून चप्पल घालावी. ओले मोजे पुढच्या तीन तासांत फोड आणतात. पाचनईला पोचायला चार-पाच तास. तिथून हरिश्चंद्रगडाचा चढ सह्याद्रीतल्या मानानं सोपा, कड्याच्या कपारीखालून, जागोजागी रेलिंग, दोन-अडीच तास. सगळं एका दिवसात बसतं, पण जेमतेम. पाचनईला दोन वाजून गेले तर तिथेच अंगणात राहावं आणि गड पहाटे चढावा. गडावर मुक्कामाची परवानगी नसेल तरी हेच.

वर आलात की हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी दोन तास तरी द्या. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात ती पिंडी आणि भोवतीच्या चार खांबांतला उरलेला एक. ते पाणी आणि पुष्करणीचं पाणी पिण्याचं नाही. कोकणकड्यावर सूर्यास्ताला सगळेच जातात. हा कडा आत वळलेला आहे, त्यामुळे काठावर उभं राहिलं तर पायाखाली खडक किती आणि पोकळी किती ते वरून दिसत नाही. शेवटचे दहा फूट आडवं पडून सरकावं. तंबू कड्याच्या जवळ लावायचाच नाही. कोकणातून चढणारा वारा कड्यावरून उसळतो, आणि रात्री लघवीला उठलेला माणूस दिशा चुकतो.

चौथ्या दिवशी उतरताना गडाच्या पठारावरच्या टेकड्या फसवतात. एक चढली की तशीच दुसरी, धुकं असलं तर दिशाच राहत नाही. होकायंत्रावर दिशा देवळापाशीच लावून घ्यावी आणि नऊच्या आत निघावं. पुढे रेलिंगचा कातळटप्पा, तो उलटं तोंड करून उतरावा. मग तोलार खिंड, तिथलं दगडातलं व्याघ्रशिल्प, आणि रानातून खिरेश्वर. गावातलं नागेश्वराचं देऊळ पाहून झालं की सगळ्यांना चाल संपल्यासारखी वाटते आणि उरलेलं पाणी लोक हात-पाय धुवायला ओततात. हमरस्त्यावरच्या खुबी फाट्यापर्यंत पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून अजून पाचएक किलोमीटर आहेत, दुपारचं ऊन, बाजूला अथांग पाणी आणि सावलीला एक झाड नाही. त्या भिंतीसाठी दर माणशी एक लिटर राखून ठेवावं.